पिओनीच्या मागे निळं काहीतरी

२१ एप्रिल, मंगळवार. सकाळी ७.१०

आजपासून फोटोग्राफी. ठरलं म्हणजे ठरलं.

मार्डेलने नाताळला दिलेला कॅमेरा तळघरातून वर आणला. खोकं फोडलेलंही नव्हतं. सोबत खास लेन्स, अगदी जवळून फोटो काढायची, मॅक्रो म्हणतात ती. मार्डेल माझी बायको, तिला जाऊन उद्या दहा आठवडे होतील. कशात तरी मन गुंतव, असं जो तो सांगतो. माझं मन ठणठणीत आहे, पण सांगणाऱ्यांची तोंडं एकदाची बंद होतील.

चौतीस वर्षं चीज तपासलं. चेडरच्या ठोकळ्यात पोकळ सुरी खुपसायची, आलेली कांडी नाकाशी धरायची आणि दर्जा सांगून मोकळं व्हायचं. राज्य सरकारचं लायसन्स होतं. ज्याच्या नजरेतून चेडरमधली केसाएवढी भेग सुटली नाही, त्याला फूल म्हणजे काय. जूनमधल्या क्लबच्या स्पर्धेत पंधरापैकी पंधरा, हे ध्येय.

झोप उत्तम. भूक उत्तम. ट्रूडीला फोनवर तसं सांगितलं. ट्रूडी माझी मुलगी, ग्रीन बे शहरात असते, रोज फोन करून तेच विचारते.

एकच गोष्ट लिहून ठेवतो, म्हणजे पुन्हा लिहायला नको. मार्डेल फेब्रुवारीत मागच्या अंगणात पक्ष्यांना दाणे घालायला गेली आणि डोक्यातली रक्तवाहिनी फुटून बर्फात पडली. तेव्हा मी तळघरात होतो.

२२ एप्रिल, बुधवार

काल क्लबला गेलो. लायब्ररीच्या मागच्या खोलीत भरतो, महिन्यातले दोन मंगळवार. शिकवते रोडा लिंडक्विस्ट. सत्तरीची बाई, जन्मभर हॉस्पिटलात एक्स-रे काढले. माणसाकडे बघते तेव्हा सदऱ्याच्या आत बघतेय असं वाटतं.

ती म्हणाली, कॅमेऱ्याला एका वेळी सगळं स्पष्ट दिसत नाही. लेन्सपासून ठरावीक अंतरावर एक चकती असते, त्या चकतीत जे येईल ते स्पष्ट. अलीकडचं धूसर, पलीकडचं धूसर. त्या चकतीची जाडी म्हणजे डेप्थ ऑफ फील्ड. फुलाच्या जितकं जवळ जाल तितकी चकती पातळ होते, अगदी कागदाएवढी. लेन्सचं भोक लहान केलं तर ती जराशी जाड होते. त्यातही आकडा उलटा. एफ २.८ म्हणजे भोक मोठं, एफ १६ म्हणजे लहान. हे ज्याने ठरवलं त्याला माझ्या हाताखाली एक दिवससुद्धा टिकू दिलं नसतं.

मी म्हटलं, बाई, चकत्या कापण्यातच माझा जन्म गेला. ती म्हणाली, टेस्के, तुमचा हात हलतो का? मी म्हटलं, छे. तेवढ्यात माझी कॉफी बशीत सांडली. ते टेबलच डुगडुगत होतं.

२६ एप्रिल, रविवार. सकाळी ९

डॅफोडिल. १४३ फोटो. स्पष्ट एकही नाही. एकात डॅफोडिल धूसर आणि मागच्या कुंपणाचा खिळा लख्ख.

वारा होता. शिवाय माणूस श्वास घेतो तेव्हा पुढेमागे होतो, हे कॅमेरा बनवणाऱ्यांच्या लक्षात आलेलं दिसत नाही. ऑटोफोकस तर विचारू नका. पुढे जातो, मागे येतो, पुन्हा पुढे, चर्चच्या पार्किंगमध्ये जागा शोधणाऱ्या म्हाताऱ्यासारखा. उद्यापासून ट्रायपॉड. उद्यापासून श्वास रोखणे. सकाळी साडेसहाला, वारा सुटायच्या आत.

मार्डेल बागेतून हाक मारायची, वर्लिन, इकडे ये ना, जवळून बघ. मी स्वयंपाकघराच्या खिडकीतून म्हणायचो, इथून दिसतंय. हे एकतीस वर्षं चाललं. डॅफोडिलच्या आतल्या कपाला काठाशी इतक्या बारीक चुण्या असतात हे मला आज कळलं. इथून काही दिसत नव्हतं.

असो. वाईट वाटून घ्यायला वेळ नाही.

३ मे, रविवार. सकाळी ६.५०

जमलं. ट्युलिप, एफ २.८, ट्रायपॉड, श्वास रोखून. लॅपटॉपवर मोठा करून बघितला. पाकळीचा काठ असा लख्ख की बोट कापेल. मागचं सगळं लोण्यासारखं मऊ.

फक्त डाव्या कोपऱ्यात, वरच्या बाजूला, काळपट भागात एक निळा डाग आलाय. उभा डाग. लेन्स पुसली. पुन्हा काढला. डाग आहेच.

त्या दिशेला बागेच्या टोकाशी मार्डेलची शेड आहे. कुंड्या, खुरपी, गवत कापायचं यंत्र. मी तिकडे जात नाही. तो कधीच माझा विभाग नव्हता. काल जावई आला होता, कर्ट. यंत्र काढून या वर्षीचं पहिलं गवत कापून गेला. शेडचं दार सताड उघडं टाकून गेला, नेहमीप्रमाणे.

४ मे, सोमवार. सकाळी ६.४०

दुसरं फूल. ट्रायपॉड चार फूट उजवीकडे. लेन्सचा दोष असता तर डाग माझ्याबरोबर सरकला असता. नाही सरकला. तो शेडच्या दारातच आहे.

वर निमुळता, खाली पसरट. कुणीतरी चौकटीत उभं राहून बघावं तसा.

मार्डेलचा हिवाळ्यातला कोट निळा होता. ही केवळ रंगाविषयीची नोंद आहे.

५ मे, मंगळवार. क्लबहून आल्यावर

ट्युलिपचा फोटो दाखवला. परीक्षक मॅनिटोवॉकहून आले होते. बराच वेळ बघून म्हणाले, हं, वेगळं आहे. आमच्या भागात कुणी तोंडावर स्तुती करत नाही, त्यामुळे वेगळं म्हणजे फारच झालं. गुण मात्र पंधरापैकी सात. यामागे काहीतरी राजकारण असावं.

बेव्ह हावलिचेक शेजारी बसली होती. माझी शेजारीण, विधवा, तिचे फोटो म्हणजे सगळे तिच्या मांजराचे. ती हळूच म्हणाली, माझ्या नणंदेच्या ट्यूना कॅसरोललाही सगळे वेगळं आहे म्हणतात आणि भांडं भरलेलंच घरी जातं. बेव्हला कलेतलं ओ की ठो कळत नाही.

निळ्या डागाबद्दल परीक्षक म्हणाले, लक्ष विचलित होतं, काढून टाका. मी म्हटलं, नाही. इतक्या जोरात म्हणालो की सगळे वळले. मग टाळ्या वाजल्या. सात गुणांना जरा जास्तच वेळ वाजल्या.

८ मे, शुक्रवार

बेव्हने बळेच फिश फ्रायला नेलं, दर शुक्रवारी गावात तळलेल्या माशांचं जेवण असतं त्याला. पर्च मासा, बटाट्याचे पॅनकेक, राय ब्रेड. मी सगळं खाल्लं असं ट्रूडीला सांगायचं आहे.

बेव्हने विचारलं, रोज सकाळी अंगणात कुणाशी बोलतोस? मी म्हटलं, सेकंद मोजतो. ती म्हणाली, सेकंदांना कुणी गुड मॉर्निंग म्हणत नाही, वर्लिन. मग मान वाकडी करून बघत बसली. या गावातल्या बायकांची ती मान मला फेब्रुवारीपासून पाठ झाली आहे.

आता मुख्य शोध. सहा दिवसांच्या नोंदी ताडून बघितल्या. पूर्वेचा वारा, म्हणजे तळ्यावरचा वारा असला की डाग नसतो. दक्षिणेचा किंवा पश्चिमेचा असला की असतो. मार्डेलला तळ्यावरचा वारा कधीच सोसला नाही, कान ठणकायचे तिचे. मी काही म्हणत नाही. फक्त दोन गोष्टी शेजारीशेजारी लिहितो आहे.

१२ मे, मंगळवार. सकाळी ७.२०

नियम केले.

शेडच्या दिशेने चष्मा लावून बघायचं नाही. नुसत्या डोळ्यांनीही बघायचं नाही. फक्त कॅमेऱ्यातून, आणि फोकस फुलावरच. कारण तांत्रिक आहे, डोळा आणि लेन्स यांचा गोंधळ होतो. शेडकडे चालत जायचं नाही. पायांचा धक्का जमिनीतून ट्रायपॉडला पोचतो.

दोन कप कॉफी बाहेर नेतो. सकाळी थंडी असते. एक पितो, एक पायरीवर गार होतो. त्यात साखर घातलेली असते. मी साखर घेत नाही, पण सवय.

आज ती स्थिर होती. ती म्हणजे प्रतिमा.

१६ मे, शनिवार

ट्रूडी आणि कर्ट आले. ट्रूडीने फ्रीज उघडून बघितला आणि बंद केला. पुन्हा तेच, डॅड, तू आमच्याकडे राहायला ये, खालची खोली रिकामीच आहे. मी म्हटलं, जूनमध्ये स्पर्धा आहे, आत्ता कसं शक्य आहे.

फोटो दाखवले. सत्तावीस फोटो, प्रत्येकात निळं. कर्ट एरवी ओला ओंडका, एका वाक्यावर दिवस काढणारा, तो एकदम उठला आणि म्हणाला, त्या शेडच्या दाराची बिजागरी सैल झालीय, वाऱ्याने दार मिटतं नि उघडतं, आत्ताच्या आत्ता ठोकून बंद करतो. मी म्हटलं, दाराला हात लावशील तर बघ. त्याने ट्रूडीकडे बघितलं. ट्रूडीने नको म्हणून मान हलवली.

निघताना तिने मिठी मारली आणि म्हणाली, डॅड, तुला काही बोलायचं असेल ना, तर बोल. मी म्हटलं, बोलण्यासारखं काय आहे, मी तळघरात होतो. ती म्हणाली, हं. कर्ट गाडीत जाऊन बसला. जावयांना हल्ली रीतभात नाही.

१९ मे, मंगळवार. क्लबहून आल्यावर

रोडाने गाठलं. म्हणाली, टेस्के, तुम्ही अजून २.८ वरच का? आकडा वाढवा, मागचं थोडं आवळून येईल. मी म्हटलं, मला धूसरच आवडतं, तीच माझी शैली. ती म्हणाली, चार आठवड्यांत शैली? नशीबवान आहात.

पण घरी येताना डोक्यात तेच. मागचं आवळून येईल. म्हणजे ती जास्त दिसेल.

२० मे, बुधवार. एफ ५.६. डाग थोडा लहान, थोडा गडद. वारा दक्षिणेचा. कॉफी दोन.

२१ मे, गुरुवार. एफ ८. कडा जुळायला लागल्या. लेन्सशेजारी एक बटण आहे हे माहीतच नव्हतं. ते दाबून धरलं की भोक आधीच लहान होतं आणि फोटो कसा येणार ते डोळ्यांनी दिसतं. सगळं अंधारतं, दिवेलागणीला होतं तसं, आणि त्या अंधारात निळं पुढे येतं. अकरा वेळा दाबलं. अकराही वेळा आली.

२२ मे, शुक्रवार. पूर्वेचा वारा. नाही आली. दिवसभर काही सुचलं नाही. बेव्हने फिश फ्रायला हाक मारली. पोट बिघडलंय म्हणून सांगितलं.

२३ मे, शनिवार. एफ ११. कर्ट गवत कापायला आला. दार उघडं ठेव म्हणून मीच सांगितलं.

२७ मे, बुधवार. सकाळी ६.३५

एफ २२. पिओनीच्या कळीवर मुंग्या. मुंगीची मिशी स्पष्ट आलीय, क्लबात कुणाच्या बापाला जमली नसती, पण त्याचं मला आज काहीच वाटलं नाही.

खांदे दिसले.

थांबून थांबून लिहितो. वरचा निमुळता भाग, मग दोन्ही बाजूंना उतार, मग सरळ खाली. डावा खांदा उजव्यापेक्षा खाली. तिचा डावा खांदा खालीच होता, कुंड्या उचलून उचलून. मी हळू आवाजात म्हटलं, मार्डेल, बघ, मी जवळून बघतोय. उत्तर आलं नाही. यायचं कारणही नाही, साठ फूट अंतर आहे.

भीती वाटली का? नाही. लगेच घरात आलो ते गवत ओलं होतं म्हणून.

२ जून, मंगळवार. क्लबहून आल्यावर

मुंग्यांना नऊ गुण. प्रगती आहे.

रोडाला विचारलं, एफ ३२ वर मागचं पूर्ण स्पष्ट होईल ना? तिने फोटो हातात घेतला, चष्मा वर केला आणि त्या निळ्याकडे बराच वेळ बघितलं. म्हणाली, नाही होणार. इतक्या जवळून फूल घेतल्यावर भोक कितीही लहान करा, साठ फुटांवरचं अर्धवटच राहतं. फुलावरही राहायचं आणि मागचंही बघायचं, हे मॅक्रोत होत नाही, टेस्के. फूल सोडून द्या आणि फोकसची रिंग फिरवा मागे. दोन सेकंदांचं काम आहे.

मी म्हटलं, बघू.

ती म्हणाली, मी येऊन उभी राहू का तुमच्याबरोबर? असं का म्हणाली कळलं नाही. मी म्हटलं, दोन सेकंदांच्या कामाला दोन माणसं कशाला.

ठरलं. उद्या सकाळी रिंग फिरवायची.

३ जून. वारा नव्हता, पण ढग. उजेड कमी.

४ जून. उजेड भरपूर, पण जास्तच.

५ जून. मानेत उसण. रिंग डाव्या हाताने फिरवावी लागते.

७ जून, रविवार. दुपारी ३

चर्चची सहल. मोठ्या हंड्यांतून बूया, म्हणजे कोंबडी आणि भाज्यांचा दाट रस्सा, पहाटेपासून ढवळत ठेवलेला. मी एका वाडग्यावर उठलो. हंड्याशी चार बायका बोलत होत्या, मी जवळ गेलो तशा गप्प झाल्या आणि एकदम सगळ्यांनाच मला आणखी वाढायचं होतं. पास्टर रॉइस येऊन शेजारी बसले. म्हणाले, वर्लिन, देवाला सगळं ठाऊक असतं आणि तरी तो रागावत नाही. मी म्हटलं, छान आहे, पण बूयात या वर्षी मीठ कमी पडलंय.

हा माणूस मला अशी वाक्यं का ऐकवतो कळत नाही. इतरांशी तो बेसबॉलबद्दल बोलतो.

९ जून, मंगळवार. सकाळी १०

पाऊस. फोटो नाही. क्लब नाही. कुणी येणार नाही. ही वही कुणी वाचत नाही, मीही वाचत नाही.

तळघरात नव्हतो.

स्वयंपाकघरात होतो. खिडकीशी. चष्मा फ्रीजवर होता. पावणेआठ वाजले असतील. बाहेर बर्फावर काहीतरी निळं पडलेलं दिसलं. लाकडांच्या ढिगावर आमची निळी ताडपत्री बांधलेली असायची, वाऱ्याने सारखी सुटायची. मी म्हटलं, गेली पुन्हा उडून. म्हटलं, मार्डेल आत आली की सांगतो तिला. दुसरा कप ओतला. शब्दकोडं सोडवलं. आडव्या ओळी पूर्ण केल्या. उभ्या निम्म्या केल्या. वीस मिनिटं. कदाचित पंचवीस.

मग वाटलं, हिला इतका वेळ का लागतोय.

हे मी कुणाला सांगितलेलं नाही. ट्रूडीला नाही, डॉक्टरला नाही, कुणाला नाही. सगळ्यांना सांगितलं, तळघरात होतो. डॉक्टर म्हणाले, क्षणात गेली असणार, काही करता आलं नसतं. असणार, म्हणाले. असणार या शब्दावर मी एक चेडरसुद्धा पास केलं नसतं.

बर्फात ती आडवी होती. शेडच्या दारात ती उभी असते. उठली म्हणजे. रोज सकाळी उठून उभी राहते आणि मी एवढ्या जवळ बागेत असतो. म्हणून रिंग फिरवत नाही. मानेत उसण वगैरे काही नाही.

१३ जून, शनिवार

पिओनी फुलल्या. ट्रूडी एकटीच आली, रात्री राहणार आहे. मंगळवारी स्पर्धा, उद्या शेवटचा फोटो काढतो म्हणून सांगितलं. ती म्हणाली, मी येऊ बघायला? नको म्हणायला कारण सुचलं नाही.

१४ जून, रविवार. सकाळी ८.१५

सगळं क्रमाने लिहितो.

साडेसहा. वारा पडलेला. पिओनी पूर्ण उमललेली, आतपर्यंत. ट्रायपॉड लावला. ट्रूडी तिच्या आईच्या रबरी बुटांत, दोन पावलं मागे उभी. पायरीवरचे दोन कप तिने बघितले. एकात साखर आहे हे तिला कळलं असावं, कारण तिने तो उचलला नाही.

फुलावर फोकस केला. मागे ती. खांदे, कोट. मी ट्रूडीला म्हटलं, बघ. तिने डोळा लावला आणि बराच वेळ काढला नाही. मग म्हणाली, डॅड, रिंग फिरव. मी म्हटलं, राहू दे. ती म्हणाली, मी फिरवू? मी म्हटलं, माझा कॅमेरा आहे.

फिरवली. फूल विरघळलं. गुलाबी धुकं झालं. मग कुंपण आलं, मग गवत, मग शेडची चौकट. मग निळं घट्ट होत गेलं. खांदे गेले. खिळा दिसला. खिळ्यात अडकवलेली पितळी कडी दिसली. पिवळी दोरी लोंबत होती. घड्या दिसल्या, आणि घड्यांत फेब्रुवारीचा वाळलेला चिखल.

ताडपत्री होती. आमचीच.

मी खाली गवतात बसलो. ट्रूडीही बसली. तिने सांगितलं, कर्टने नेऊन ठेवली होती तिकडे, अंत्यविधीच्या आदल्या दिवशी. लाकडांवरून काढली आणि शेडच्या आत टांगली. तू तिथे कधी जात नाहीस म्हणून. तुला दिसू नये म्हणून. तुझे फोटो बघून तो चार रात्री झोपला नाही.

मी म्हटलं, दिसू नये म्हणजे? कर्टला काय माहीत?

ती बुटांवरचं दव पुसत बसली. म्हणून मीच सांगितलं. खिडकी, चष्मा, दुसरा कप, शब्दकोडं. चार महिने जे दाताखाली धरून ठेवलं होतं ते सगळं, आडव्या ओळींसकट. सांगताना मी तिच्याकडे बघत नव्हतो, पिओनीकडे बघत होतो. संपल्यावर म्हटलं, आता तुला जे म्हणायचं ते म्हण.

ट्रूडी म्हणाली, डॅड, तू हे सांगितलं आहेस.

मी म्हटलं, कधी?

ती म्हणाली, त्याच दिवशी. दिवसभर. मी दारातून आत आले तर तू माझा कोट धरलास आणि हेच सांगितलंस, याच शब्दांत, उभ्या निम्म्या केल्या इथपर्यंत. मग कर्टला. आठवड्याने तू तळघर म्हणायला लागलास, तेव्हा आम्ही ठरवलं, म्हणू दे.

मी विचारलं, आणखी कुणाला?

तिला सांगायचं नव्हतं. मी सोडलं नाही. मग तिने एकेक बोट मिटत सांगितलं. ॲम्ब्युलन्समधले दोघे. डॉक्टर. बेव्ह. अंत्यविधीच्या खोलीत तू दाराशी उभा होतास, येईल त्याचा हात धरून सांगत होतास. सगळी रांग. रोडा लिंडक्विस्ट, तेव्हा तू तिला ओळखतही नव्हतास. बूयाच्या हंड्याशी असतात त्या चौघी.

पास्टर रॉइसना दोनदा.